वाचकांचे प्रश्न : आजोबांचे चित्र लिलावात देताना

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे घरातल्या जुन्या चित्रांविषयी आहेत. आधुनिक भारतीय चित्रांच्या लिलावांचे आकडे वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येऊ लागल्यापासून भिंतीवर वर्षानुवर्षे टांगलेल्या चित्राकडे घरोघरी नव्याने पाहिले जात आहे, आणि घाईघाईत चुकीचे पाऊल पडण्याची शक्यताही तितकीच वाढली आहे. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची आणि त्यांच्याकडील चित्रांच्या चित्रकारांची नावे मुद्दाम गाळली आहेत. आपल्या घरात कोणते चित्र आहे, हे लिलावाचा कॅटलॉग निघेपर्यंत चारचौघांत बोलू नये, एवढे सर्वांनाच सांगावेसे वाटते.

प्रश्न : माझे आजोबा गिरगावात डॉक्टर होते. १९५६ साली त्यांनी जहांगीर कलादालनातील एका प्रदर्शनातून एक तैलचित्र विकत घेतले. चित्रकार तेव्हा तरुण होते; आज त्यांचे नाव आधुनिक चित्रकलेत मानाने घेतले जाते. आजोबा १९७९ मध्ये मृत्युपत्र न करता वारले. चित्र वडिलांकडे राहिले आणि दोन वर्षांपूर्वी वडील गेल्यावर ते मी आणि माझा भाऊ, आम्हा दोघांकडे आले. काका हयात नाहीत, त्यांचा मुलगा परदेशात असतो. एका लिलावगृहाने चित्र पाहून अंदाजित किंमत कळवली आहे आणि मालकीचा पुरावा मागितला आहे. खरेदीची पावती आमच्याजवळ नाही. त्या प्रदर्शनाला आजोबांबरोबर माझी आत्या गेली होती. ती आज ८६ वर्षांची आहे, पण तिच्या नुसत्या सांगण्याला काही अर्थ आहे का? शिवाय चित्रावर धूळ बसली आहे आणि चौकट जुनाट दिसते. पाठवण्यापूर्वी चित्र स्वच्छ करून नवी फ्रेम बसवावी का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते तातडीचे आहे. चित्राला हात लावू नका. ओल्या फडक्याने पुसणे, बटाट्याची फोड फिरवणे, पावाच्या गराने घासणे, चकाकी यावी म्हणून तेल चोळणे, हे सगळे उपाय मी चांगल्या सुशिक्षित घरांत झालेले पाहिले आहेत. सत्तर वर्षांत तैलरंगाचा थर ठिसूळ झालेला असतो, त्यात केसासारख्या बारीक भेगा पडलेल्या असतात, आणि फडक्यातले पाणी त्या भेगांतून कापडावरच्या पांढऱ्या अस्तरात उतरते. कापड ओले होऊन पुन्हा सुकताना वरचा रंग त्याच्याबरोबर हलत नाही. मग काही महिन्यांनी पापुद्रे सुटू लागतात. धुळीने माखलेले चित्र जाणकार खरेदीदाराला चालते, पण घासलेले किंवा वरून रंग भरलेले चित्र तो अतिनील दिव्याखाली पाहतो तेव्हा नव्या रंगाचे ठिपके काळपट डागांसारखे उठून दिसतात, आणि त्यानंतर त्याची बोली आखडते. स्वच्छता खरोखरच हवी असेल तर ती प्रशिक्षित संवर्धकाकडून, आधी आणि नंतर छायाचित्रे काढून आणि लिलावगृहाशी बोलूनच करून घ्यावी. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला संवर्धन केंद्र आहे. तिथे निदान सल्ला विचारता येईल.

आता चौकटीविषयी. दोघांनी मिळून चित्र भिंतीवरून उतरवा, जमिनीवर जाड चादर अंथरून तिच्यावर ते उभे टेकवा आणि मागची बाजू नीट पाहा. घरातल्या माणसांनी चित्राची मागची बाजू बहुधा कधीच पाहिलेली नसते. तिथे काळपट पडलेल्या लाकडी पट्ट्या असतील, कोपऱ्यांत कापड ताणून धरणाऱ्या छोट्या पाचरी असतील, कडेने गंजलेले खिळे असतील. त्या पट्ट्यांवर खडूने किंवा पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक, प्रदर्शनाची चिठ्ठी, चित्राचे नाव, माप, कधी त्या वेळची किंमत, फ्रेम करणाऱ्या दुकानाचा शिक्का, यांपैकी काहीही असू शकते. स्वाक्षरीही मागेच सापडण्याची शक्यता आहे. आधुनिक चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या अनेक चित्रांवर ती मागच्या बाजूला आहे. जे दिसेल त्याचे दिवसाच्या उजेडात, तिरप्या कोनातूनही, फोटो काढा. सुटत आलेली चिठ्ठी डिंकाने चिकटवू नका आणि सोडवूही नका.

या चिठ्ठ्यांवरून बरेच काही पडताळता येते. जहांगीर कलादालन १९५२ साली सुरू झाले, म्हणजे १९५६ची खरेदी काळाशी जुळते. मुंबईतल्या केमोल्ड या संस्थेचा फ्रेम बनवण्याचा व्यवसाय १९४१ पासूनचा, परंतु जहांगीरच्या पहिल्या मजल्यावरचे त्यांचे कलादालन १९६३ सालचे. समजा, तुमच्या चित्रामागे त्या कलादालनाची चिठ्ठी निघाली, तर चित्र १९६३ नंतर पुन्हा कुठेतरी गेले होते, किंवा घरात सांगितले जाणारे वर्ष चुकीचे आहे. दोन्हींपैकी काहीही असले तरी त्यात लपवण्यासारखे काही नाही, मात्र ते तुम्हाला आधी माहीत असायला हवे. कापड खिळ्यांऐवजी स्टेपलने ठोकलेले दिसले तरी लगेच घाबरू नका. ढिला पडलेला कॅनव्हास मधल्या काळात कोणी पुन्हा ताणून बसवला असेल. तो कोणी आणि कधी बसवला, एवढे घरात विचारून ठेवा.

काही वर्षांपूर्वी असेच एक चित्र पाहायला मी एका कुटुंबाकडे गेले होते. समोरून चित्र उत्तम होते. मागे मात्र नवाकोरा प्लायवूड ठोकलेला होता. वाळवीच्या भीतीने घरच्यांनी मागची बाजू बंद करून घेतली होती आणि फ्रेमवाल्याने जुन्या पट्ट्या, त्यांच्यावरच्या चिठ्ठ्यांसकट, टाकून दिल्या होत्या. त्या घरातल्या आजींना चिठ्ठी स्पष्ट आठवत होती : पिवळसर कागद, त्यावर टाइप केलेल्या दोन ओळी, कोपऱ्यात लाल पेन्सिलीने एक आकडा. आकडा कोणता, ते मात्र त्यांना काही केल्या आठवेना. तो आकडा मिळाला असता तर प्रदर्शनाच्या यादीशी तो ताडून पाहता आला असता. चित्र अस्सल आहे याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती, पण माझी खात्री हा काही पुरावा होत नाही, आणि ते चित्र शेवटी लिलावात घेतले गेले नाही. ती दुपार मला अजून आठवते, म्हणूनच फ्रेमविषयी इतके सविस्तर लिहीत आहे.

पावती नसणे ही मोठी अडचण नाही. १९५६ साली प्रदर्शनात चित्र घेणाऱ्या किती जणांनी पावती जपून ठेवली असेल? लिलावगृहाला हवी असते ती चित्रकाराच्या हातून निघाल्यापासून आजपर्यंतची साखळी, जिला या व्यवसायात 'प्रोव्हेनन्स' म्हणतात. ती अनेक लहानसहान गोष्टींतून उभी राहते. आजोबांची रोजनिशी किंवा जमाखर्चाची वही, बँकेचे जुने पासबुक, चित्रकाराचे एखादे पत्र किंवा दिवाळीचे भेटकार्ड, प्रदर्शनाची घडीपत्रिका, तिच्यावर आजोबांनी केलेली खूण, हे सगळे शोधा. सर्वांत उपयोगी पडतात ते घरातले समारंभांचे फोटो. मुंजीच्या, बारशाच्या, लग्नानंतरच्या पूजेच्या फोटोंत माणसांच्या मागे भिंत दिसते आणि भिंतीवर चित्र दिसते. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का आणि तारीख असली, तर चित्र त्या दिवशी त्या घरात होते याला दुसरा पुरावा लागत नाही.

अखंड साखळीला किती महत्त्व असते, याचे अलीकडचे उदाहरण चित्रकार एम. एफ. हुसेन यांच्या 'ग्रामयात्रा' या चित्राचे आहे. १९५४ साली रंगवलेले, चौदा फुटांच्या आसपास लांबीचे हे चित्र त्याच वर्षी दिल्लीत एका परदेशी डॉक्टरांनी घेतले, पुढे ते नॉर्वेतील एका रुग्णालयाकडे गेले आणि अनेक दशके तिथेच राहिले. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीज या लिलावगृहाच्या लिलावात ते १ कोटी ३७ लाख डॉलरहून अधिक किमतीला, म्हणजे ११८ कोटी रुपयांच्या आसपास, विकले गेले. चित्र मोठे आणि महत्त्वाचे होतेच. पण चित्रकाराच्या हातून निघाल्यापासून ते कुठे होते, याचे उत्तर बोली लावणाऱ्या प्रत्येकाला कॅटलॉगमध्येच मिळत होते.

आता तुमच्या आत्यांविषयी. त्यांच्या सांगण्याला निश्चितच अर्थ आहे, आणि हे काम पुढच्या महिन्यावर टाकू नये. त्यांच्याशेजारी बसा, चित्राचा फोटो समोर ठेवा आणि त्यांना आपणहून बोलू द्या. 'ते ५६ सालच ना?' असे विचारून वर्ष त्यांच्या तोंडी घालू नका. कोणाबरोबर गेलो, कसे गेलो, चित्र कुठल्या भिंतीवर होते, पैसे कोणाला दिले, चित्र घरी कोणी आणले, पहिल्यांदा ते कुठे लावले, त्या वर्षी आपण कितवीत होतो, असे साधे प्रश्न विचारा. शाळेच्या इयत्तेवरून वर्ष पक्के होते. जे आठवत नाही तिथे 'आठवत नाही' असेच लिहा. ज्या निवेदनात सगळेच आठवते, त्यावर तज्ज्ञांचा विश्वास बसत नाही. चित्रकार आजोबांशी येऊन बोलले, असे घरात कोणी म्हणत असेल आणि आत्यांना ते आठवत नसेल, तर ती ओळ घालू नका. बोलणे मोबाइलवर चित्रित करा, मग ते त्यांच्याच शब्दांत कागदावर उतरवून वाचून दाखवा, त्यांची स्वाक्षरी, तारीख आणि दोन साक्षीदार घ्या. लिलावगृहाने मागितल्यास तेच निवेदन प्रतिज्ञापत्र म्हणून नोटरीसमोर करता येते.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मात्र मला खटकली, आणि ती मोकळेपणाने सांगणे माझे कर्तव्य आहे. चित्र तुमच्याकडे आणि तुमच्या भावाकडे आले, असे तुम्ही लिहिले आहे. कायद्याने ते तुम्हा दोघांचेच आहे असे दिसत नाही. आजोबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली वस्तू, मृत्युपत्र नाही आणि हिंदू उत्तराधिकार कायदा लागू, अशा स्थितीत १९५६च्या त्या कायद्यानुसार पत्नी, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा मिळतो. २००५च्या दुरुस्तीची त्यासाठी वाट पाहावी लागत नव्हती. ती दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेतील मुलींच्या हक्काविषयी आहे. म्हणजे तुमच्या आजींचा वाटा पुढे त्यांच्या मुलांत विभागला गेला असे धरले, तर आत्यांचा हिस्सा एक तृतीयांश ठरतो. काकांचा हिस्सा त्यांच्या वारसांकडे जातो. वडिलांच्या हिश्शात, तुमच्या आई हयात असल्यास, त्यांचाही वाटा आहे. ज्या आत्यांकडे तुम्ही साक्षीदार म्हणून पाहत आहात, त्या चित्राच्या मालकांपैकी एक आहेत. हे त्यांना आधी सांगा, निवेदन नंतर घ्या.

लिलावगृहाच्या करारात 'चित्र माझ्या पूर्ण मालकीचे असून त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही' असे विक्रेत्याला लिहून द्यावे लागते. ते खोटे ठरले तर विक्री रद्द होण्यापासून नुकसानभरपाईपर्यंत सगळे तुमच्यावर येते. त्यामुळे सर्व वारसांची लेखी संमती, रकमेची वाटणी कशी होणार याची नोंद आणि सर्वांच्या वतीने व्यवहार करणाऱ्या एकाच्या नावे अधिकारपत्र, असे कागद वकिलाकडून करून घ्या. परदेशातील चुलतभावाला हे अधिकारपत्र तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवता येईल. एखाद्या वारसाला विक्री मान्य नसेल, तर त्याचा हिस्सा आजच्या मूल्यांकनाने बाकीच्यांनी घ्यावा किंवा चित्र त्याने ठेवून इतरांना पैसे द्यावेत. दोन्ही शक्य नसेल, तर लिलावाची तारीख ठरवूच नये. कॅटलॉग छापल्यावर चित्र मागे घेतले तर बहुतेक लिलावगृहे त्याचे शुल्क घेतात.

प्रश्न : आमच्याकडील चित्राची अंदाजित किंमत आम्हाला फार कमी वाटते. त्याच चित्रकाराचे चित्र गेल्या वर्षी त्याच्या तिप्पट किमतीला गेल्याची बातमी आमच्याकडे आहे. लिलावगृह आमची फसवणूक तर करत नाही ना?

उत्तर : बातमीतला आकडा आणि अंदाजित किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हातोडा पडतो तेव्हाची जी शेवटची बोली असते, तिच्यावर खरेदीदाराला 'बायर्स प्रीमियम' भरावा लागतो. तो साधारणपणे वीस टक्क्यांच्या आसपास असतो, कुठे त्याहून कमी, कुठे जास्त. बातमीत छापून येतो तो आकडा बहुधा हा प्रीमियम धरून असतो आणि अंदाजित किंमत तो वगळून सांगतात. समजा, १ कोटीवर हातोडा पडला. २० टक्के प्रीमियम धरून बातमीत १ कोटी २० लाख येतील. विक्रेत्याचे कमिशन १० टक्के ठरले असेल तर तुमच्या हाती ९० लाख येतील, आणि त्यातून छायाचित्रण, विमा, वाहतूक यांचे पैसे कापायचे की नाही, हे करारावर अवलंबून राहील. एकाच व्यवहाराचे हे दोन आकडे आहेत आणि त्यांच्यात ३० लाखांचे अंतर आहे.

दुसरे असे, की चित्रकार तोच असला तरी चित्र तेच नसते. त्याचा महत्त्वाचा मानला जाणारा कालखंड, आकार, कॅनव्हास की कागद, विषय, प्रदर्शनांचा आणि पुस्तकांतील छपाईचा इतिहास, या सर्वांनी किंमत बदलते. म्हणून लिलावगृहाला 'याच चित्रकाराची, याच दशकातली, साधारण याच आकाराची चित्रे गेल्या पाच वर्षांत कितीला गेली आणि कोणती विकली गेली नाहीत?' असे विचारा. प्रश्नाचा दुसरा भाग विसरू नका. हीच माहिती आणखी एका लिलावगृहाकडून घ्या आणि मग तुलना करा.

कमी अंदाजित किंमत पुष्कळदा विक्रेत्याच्या हिताची असते. चार जणांना चित्र आपल्या आवाक्यातले वाटले तर बोली चढते. सुरुवातच उंच ठेवली तर कोणी हात वर करत नाही. न विकलेल्या लॉटची, म्हणजे लिलावात मांडलेल्या वस्तूची, नोंद सर्वांना दिसते, आणि मग तेच चित्र काही वर्षे तरी पुन्हा बाजारात आणणे अवघड होते. तुमचे संरक्षण राखीव किमतीत असते. ती गोपनीय असते, अंदाजित किमतीच्या खालच्या आकड्याहून अधिक ठेवता येत नाही, आणि तिच्याखाली चित्र विकले जात नाही. वाटाघाटी करायच्या त्या राखीव किमतीवर आणि कमिशनवर करा. चांगल्या चित्रासाठी लिलावगृहे कमिशन कमी करतात. चित्र घरातून निघाल्या क्षणापासून विमा कोणाचा, खरेदीदाराने पैसे बुडवले तर काय, पैसे किती दिवसांत मिळणार आणि पुढे कोणी अस्सलपणावर शंका घेतली तर विक्री किती वर्षांपर्यंत उलटवता येते, ही चार उत्तरे कराराच्या कागदावरच असावीत. दूरध्वनीवरच्या आश्वासनावर जाऊ नये.

प्रश्न : चित्र परदेशातील लिलावात अधिक किमतीला जाईल असे सांगतात. ते बाहेर पाठवता येते का?

उत्तर : हे चित्रकारावर आणि चित्राच्या वयावर अवलंबून आहे. पुरावस्तू आणि कलानिधीविषयीचा १९७२चा कायदा शंभर वर्षे पूर्ण झालेल्या चित्राला पुरावस्तू मानतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. काळ पुढे सरकतो तशी १९२०च्या दशकातली चित्रेही आता एकेक करून या मर्यादेत येत आहेत, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. याशिवाय नऊ चित्रकारांची चित्रे वय काहीही असले तरी राष्ट्रीय कलानिधी म्हणून घोषित आहेत : राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ टागोर, नंदलाल बोस, निकोलस रोरिक आणि शैलोज मुखर्जी. यांची चित्रे भारतात विकता येतात, पण ती बाहेर नेता येत नाहीत. देशातच विकले म्हणून भाव पडतो असेही नाही. शेरगिल यांचे १९३७चे 'द स्टोरी टेलर' सप्टेंबर २०२३ मध्ये भारतातच झालेल्या लिलावात ६१.८ कोटी रुपयांना गेले.

हुसेन, रझा, सूझा, आरा, गाडे, बाकरे या प्रोग्रेसिव्ह गटाच्या, म्हणजे मुंबईतल्या आधुनिक कलावंतांच्या गटाच्या, संस्थापकांची, तसेच गायतोंडे किंवा तय्यब मेहता यांची चित्रे या यादीत नाहीत. ती बाहेर पाठवताना वस्तू पुरावस्तू नसल्याचा पुरातत्त्व खात्याचा दाखला घ्यावा लागू शकतो. ते काम लिलावगृहे नेहमी करतात. तरीही माझे मत असे, की मुंबई-दिल्लीत या चित्रांना आज उत्तम खरेदीदार आहेत, आणि वाहतूक, विमा, चलनाचा चढउतार, न विकल्यास परत आणण्याचा खर्च हे सगळे मांडून पाहिल्याशिवाय परदेशाचा विचार करू नये.

प्रश्न : वारसाने मिळालेल्या चित्राच्या विक्रीवर कर लागतो का? घरातली वस्तू विकण्यावर कर कसा?

उत्तर : लागतो. घरातील वापराच्या बहुतेक जंगम वस्तू भांडवली मालमत्तेतून वगळलेल्या आहेत, परंतु चित्रे, रेखाटने आणि शिल्पे २००८ पासून त्या सवलतीतून बाहेर काढली आहेत. वारसाने चित्र मिळाले तेव्हा कर नसतो, विकताना नफ्यावर असतो. आजोबांनी चित्र ठेवले तो काळही तुमच्या मालकीच्या काळात धरला जातो, म्हणून नफा दीर्घकालीन ठरतो आणि २३ जुलै २०२४ नंतरच्या विक्रीवर त्याचा दर १२.५ टक्के, अधिक लागू असेल तो अधिभार आणि उपकर, असा आहे. खर्चाची किंमत म्हणून आजोबांनी दिलेले काहीशे रुपये धरण्याची सक्ती नाही. खरेदी १ एप्रिल २००१ पूर्वीची असल्याने त्या दिवशीचे वाजवी बाजारमूल्य धरता येते. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्या, आणि तो विक्रीपूर्वीच घ्या. प्रत्येक वारस आपापल्या हिश्शावर स्वतंत्रपणे कर भरेल; सर्व रक्कम एकाच्या खात्यात जमा करून पुढे वाटली तर नंतर स्पष्टीकरणे देत बसावे लागते.

चित्रकाराचा स्वामित्वहक्क चालू असेल, म्हणजे त्यांच्या मृत्यूला ६० वर्षे झाली नसतील, तर आणखी एक तरतूद लक्षात ठेवावी. १० हजार रुपयांहून अधिक किमतीच्या पुनर्विक्रीत मूळ चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना वाटा मागण्याचा हक्क स्वामित्वहक्क कायद्याने दिला आहे. तो १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. ज्यांनी हलाखीत दिवस काढत ही चित्रे रंगवली, त्यांच्या घरच्यांसाठी ही तरतूद मला मनापासून योग्य वाटते. असा दावा आला तर रक्कम कोणी द्यायची, हे लिलावगृहाला आधीच विचारून ठेवा.

प्रश्न : ओळखीतून आलेले एक गृहस्थ चित्राचे ४० लाख रुपये रोख, ताबडतोब द्यायला तयार आहेत. लिलावाची यातायात वाचेल.

उत्तर : नको. एका व्यवहारात २ लाख किंवा अधिक रोख घेणे आयकर कायद्याने मना आहे आणि दंड घेणाऱ्याला, तेवढ्याच रकमेचा, होतो. त्याशिवाय, जो माणूस दारात येऊन आजच्या आज ४० लाख देतो, त्याला चित्राची किंमत तुमच्यापेक्षा चांगली माहीत आहे.

प्रश्न : चित्र विकायचे ठरले आहे, पण आईला ती भिंत रिकामी बघवत नाही. एका कुशल चित्रकाराकडून त्याच आकाराची हुबेहूब प्रत करून घ्यावी असा विचार आहे. तुमचे मत काय?

उत्तर : तुमच्या आईंची भावना मला समजते, परंतु हाताने रंगवलेली हुबेहूब प्रत करू नका. चित्र विकत घेतल्याने ते छापण्याचा किंवा त्याची प्रत करण्याचा हक्क आपल्याकडे येत नाही. तो चित्रकाराकडे आणि नंतर त्याच्या वारसांकडे राहतो. त्याहून मोठी काळजी पुढची आहे. आज तुम्हा सर्वांना ती प्रत आहे हे ठाऊक असेल. तीस वर्षांनी ती जुन्या चौकटीत, जुन्या भिंतीवर, 'आमच्या पणजोबांनी प्रदर्शनातून आणलेले' या खऱ्या हकिगतीसह एखाद्या नातवाच्या हाती पडेल आणि तो ती प्रामाणिकपणे लिलावगृहाकडे घेऊन जाईल. तोवर मूळ चित्र ज्याने घेतले, त्याच्या दारातही प्रश्न उभा राहील.

त्याऐवजी चित्र जाण्यापूर्वी चांगल्या छायाचित्रकाराकडून समोरची आणि मागची, दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून घ्या. समोरच्या छायाचित्राची, मूळ चित्राहून स्पष्टपणे लहान, कागदावरची एक प्रत घरापुरती काढून आईंच्या भिंतीवर लावा आणि तिच्या मागे न पुसल्या जाणाऱ्या शाईने 'छायाचित्राची प्रत' असे लिहून तारीख घाला. मागच्या बाजूचे छायाचित्र, लिलावाच्या कॅटलॉगचे पान आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचे निवेदन एका पाकिटात घालून ते भिंतीवरच्या या प्रतीच्या चौकटीमागे ठेवा.